बार्बेलचा रॉड वैनगंगेवर चालेल का? शेंडा तुटला, आता दुसरा घेऊ काय?

धानवाला लाखांदूर

नमस्कार मंडळी. मी लाखांदूर तालुक्यातला. धानाची शेती आणि जोडीला लहानसं कृषी केंद्र आहे. गरी टाकायचा नाद शाळेपासूनचा, पण आजवर सगळं बांबूच्या काडीवर. रीळ कधी हातात धरलं नव्हतं.

माझा भाचा इंग्लंडात वूस्टर गावी नोकरीला आहे. गावातून सेव्हर्न नदी जाते आणि तिथले लोक तिच्यात बार्बेल नावाचा मासा धरतात म्हणे. धरून परत सोडतात! आमच्या घरी हे ऐकून आईनं विचारलं, मग धरतातच काहून? असो. दिवाळीला येताना त्यानं जुन्या सामानाच्या दुकानातून एक रॉड आणला. बुडाशी बारीक अक्षरात लिहिलंय: बार्बेल, 12 फूट, टेस्ट कर्व्ह 1.75 पौंड. दोन तुकड्यांचा आहे, पण वरचा तुकडा दोन प्रकारचा मिळाला. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला उदबत्तीएवढी बारीक पांढरी काडी.

रीळ आणि दोरी मी ऑनलाइन मागवली. मासा मोठा निघाला तर काय घ्या, म्हणून 30 पौंडाची विणलेली दोरी घेतली. कापणी आटोपल्यावर एका रविवारी नदीवर गेलो. आमच्या घाटाच्या वर खडकाची एक पट्टी आडवी गेली आहे, तिच्या खाली डोह आहे. बारीक काडीवाला शेंडा लावला (छान दिसतो म्हणून, खोटं कशाला बोलू), कणीक आणि ढेपेचा गोळा लावला, रॉड दुबेळक्यावर ठेवला आणि डबा उघडला. दुसरा घास घेतला नाही तर रॉड दुबेळक्यावरून निघालाच. पाण्यात जाता जाता बुड पकडलं.

पंधरा मिनिटं ओढाताण. मासा पार पायाशी आला, पोटाचा पिवळा रंग दिसला. वर घ्यावा म्हणून रॉड सरळ आभाळाकडे उचलला आणि कट्! शेंडा चार बोटं तुटला. मासा तरीही दोरीला होताच. मग तो खडकाकडे वळला, दोरी दगडावर घासली आणि संपलं.

आता प्रश्न. 1.75 पौंड म्हणजे आठशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हा रॉड आठशे ग्रॅमच्या माशापुरताच आहे काय? मोठ्या माशासाठी जाड रॉड घ्यावा, की हाच दुरुस्त करावा? आणि तो मासा कोणता असेल? आमच्या घाटावरचे म्हातारे म्हणतात महसीर असेल. मला वाटतं मन राखायला म्हणतात.

रॉडवाला नागपूर

भाऊ, सरळ हिशोब आहे. विकून टाका. 3 पौंड टेस्ट कर्व्हचा कार्पचा रॉड घ्या किंवा सात फुटी हेवी स्पिनिंग रॉड. दोरी 40 पौंडाची टाका. आपल्या नद्यांत खडक आणि खुंट भरपूर, मासा ओढून काढायला ताकद लागते. इंग्लंडची नाजूक कामं इंग्लंडलाच ठीक.

निवृत्त लाइनमन

धानवाले भाऊ, काही विकू नका. आधी थोडं ऐका. मी आयुष्यभर खांबावर चढलो, आणि रिटायर झाल्यापासून रोज नदीवर बसतो. घरी विचारणारं कोणी नाही, म्हणून उत्तर लांबेल.

तो आकडा माशाच्या वजनाचा नाही. रॉडचं बुड आडवं पक्कं धरलं आणि शेंड्याला वजन टांगलं, तर शेंडा सरळ जमिनीकडे बघायला, म्हणजे बुडाशी काटकोन व्हायला, जेवढं वजन लागतं ते टेस्ट कर्व्ह. तुमच्या रॉडला पावणेदोन पौंड, म्हणजे 794 ग्रॅम. घरी करून बघा. लिटरची पाण्याची रिकामी बाटली शेंड्याला बांधा आणि थोडं थोडं पाणी ओता. आठशे मिलिलिटरच्या आसपास शेंडा खाली बघायला लागेल. तुटका शेंडा नको, साधा लावा.

या आकड्यावरून दोरी ठरते. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की आकड्याला पाचनं गुणा. पावणेदोन गुणिले पाच, पावणेनऊ पौंड. म्हणजे चार किलोच्या आसपास तुटणारी तंगूस, साधी नायलॉनची दोरी, या रॉडला बसते. खडक आहेत म्हणून दहा घ्या, फार तर बारा. शिसं 50 ग्रॅमपर्यंत फेका. तुम्ही लावली 30 पौंडाची, म्हणजे साडेतेरा किलोची. आमच्या भाषेत सांगतो: दहा अँपिअरच्या वायरिंगला शंभरचा फ्यूज टाकला. मग फ्यूज उडत नाही, वायरिंग जळतं. दोरी तुटायच्या आधी रॉड तुटला तो यामुळेच.

आता तो तुटला कसा ते. खांबावर तार ओढताना आम्ही झोल ठेवतो. तार टणक ताणली की थंडीत आकसते आणि कुठेतरी तुटते. रॉडचा वाक म्हणजे तोच झोल आहे. मासा धक्का देतो तो वाक खातो. पण वाक सगळ्या रॉडभर पसरायला पाहिजे, बुडापर्यंत. मासा पायाशी असताना तुम्ही रॉड आभाळाकडे उभा केला, तर दोरी वरून सरळ खाली आली. बुड काहीच काम करत नाही, सगळा भार शेंड्याच्या वीतभर भागावर. तो तुटणारच. मासा जवळ आला की रॉड तिरपा धरायचा, जमिनीशी पंचेचाळीस ते साठ अंशात, आणि स्वतः दोन पावलं मागं सरायचं. खडकाकडे पळाला तर रॉड आडवा करून त्याच्या उलट्या बाजूला ओढायचा, वर नाही. आणि खाली जाळी घेऊन एक माणूस हवा. मासा रॉडनं उचलून काठावर घ्यायचा नसतो, तीन पावाचासुद्धा नाही.

विणलेली दोरी मीही दोन वर्षं वापरली. ताणत अजिबात नाही, त्यामुळे माशानं नुसतं श्वास घेतला तरी कळतं, खरं आहे. पण दगडावर घासली की गेलीच. आपल्या खडकाळ पट्टीत साधी तंगूस बरी. ती जाड असते, थोडी ताणते, घासली तर आधी खरखरीत होते आणि बोटाला कळतं की आता कापायची वेळ झाली. दर दोन-तीन तासांनी शेवटचा दोन हात भाग बोटातून ओढून बघायचा.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळानं दोरी सोडायची ते ठरवणारा आवळा, तुम्ही बहुतेक गच्च आवळला होता. तुमच्या कृषी केंद्रात हुकाचा स्प्रिंगकाटा असेलच. दोरीचं टोक त्याला लावा, रॉड तिरपा धरा आणि कोणाला तरी काटा ओढायला सांगा. दहा पौंडाच्या दोरीला काटा दीड किलोवर आला की रिळानं दोरी सोडायला पाहिजे. त्याआधी सोडली तर आवळा, नंतर सोडली तर ढिली करा. अंदाजानं करू नका. मीही दहा वर्षं अंदाजानं करत होतो आणि किती मासे गेले ते सांगत बसलो तर जेवणाची वेळ होईल.

ती बारीक पांढरी काडी म्हणजे क्विव्हर टिप. शिसं तळाला टाकून बसलं की मासा तोंड लावतो ते ती काडी हलून दाखवते. मासा लागला की ती वाकून बाजूला होते, मग खालचा जाड भाग काम करतो. म्हणजे तुमचा तो शेंडा चुकीचा नव्हता, धरणं चुकलं. तरंगता बोंडा लावून गरी टाकायची असेल, तेव्हा साधा शेंडा.

बारा फूट कशाला, असं नागपूरवाले विचारतील. सात फुटी रॉडनं तुम्ही काठावरच्या बेशरमाच्या झाडीवरून दोरी कशी काढणार? आणि वाहत्या पाण्यात दोरीचा जितका भाग पाण्यात, तितकं पाणी तिला ओढतं, शिसं सरकतं. लांब रॉड शेंडा वर करून ठेवला की दोरी पाण्याच्या वर राहते. धार जोरात असेल तर शेंडा उंच ठेवा, डोहात संथ पाणी असेल तर खाली, पाण्याजवळ. माझ्या मते आपल्या नदीला बारा फूट हेच बरं माप आहे. ओढ्या-नाल्याला मात्र नको, झाडात अडकून जीव जाईल.

जीव म्हटला म्हणून, ही गोष्ट मला सांगायलाच पाहिजे. कार्बनचा रॉड वीज वाहतो. बांबूवरून आलेल्या माणसाच्या हे ध्यानात येत नाही. नदीकाठी मोटरपंपांच्या तारा किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. रस्ता सोडून इतरत्र अकरा केव्हीच्या उघड्या तारेला जमिनीपासून 4.6 मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. कमरेशी धरून उभा केला तर शेंडा 4.66 वर जातो. म्हणजे तार नियमात असली तरी लागते, आणि आपल्याकडच्या तारा किती नियमात असतात ते मी नोकरीत असताना बोलत नव्हतो, आता बोलतो. तारेखालून जाताना रॉड खोलून दोन तुकडे हातात आडवे घ्या. आणि मृगाच्या आधीच्या वादळात ढग गडगडला की रॉड जमिनीवर ठेवून दूर व्हा. मासा लागला असला तरी.

रॉड जुना घेतलाय, तर दोरी ज्यातून जाते त्या कड्या तपासा. कापसाचा पेळू प्रत्येक कडीतून फिरवा. तंतू अडकला तर त्या कडीला बारीक चीर आहे, ती दोरी खाईल. कापूसपट्टीत पेळूला तोटा नाही, तुमच्या धानपट्टीत शेजारणीकडे मागा. सांध्यात रेती जाऊ देऊ नका. आणि उन्हाळ्यात रॉड गाडीच्या काचेमागं ठेवू नका. आमच्या चंद्रपूरच्या उन्हात गाडी म्हणजे भट्टी, डिंक मऊ होतो, कड्या वाकड्या होतात. माझ्या एका रॉडच्या झाल्या.

घाटावरचा पोट्टा

काकाजी बरोबर सांगून रायले. मी ढीवराच्या घरचा हाव, आमच्या घरी जाळं पिढ्यान्‌पिढ्या, पण मले काडीचाच नाद. तुमचा रॉड दुबेळक्यावरून गेला ना, तशाच एका बावाजीचा मागच्या साली नदीत गेला. रीळ, रॉड, सगळं. जेवाले बसला होता. हे मिशीवाले मासे टोचत-बिचत नाही, घेतला की चालले. रॉड हातात धरून बसायचं, तेवढा दम नसन तर रिळाचा ड्रॅग ढिल्ला करून ठेवायचा.

मी तं दोरी बोटात धरतो. बुडावर हात, अन् रिळाच्या वरची दोरी अंगठा अन् पहिल्या बोटात. रेतीवर शिसं सरकते तं बोटाले खरखर लागते. मासा लागला का वेगळंच लागते, सांगता नाही येत. लाइटच्या तारेवानी, काकाजी म्हणन.

अन् एक. गोसेखुर्दच्या खाली बसता ना तुम्ही? त्या धरणाले 33 दरवाजे हायेत. पाऊस नसला तरी वरतून पाणी सोडते कवा कवा. भोंगा वाजला का सामान नाही पाहायचं, काठ धरायचा. अन् नदीच्या ज्या पट्ट्यात आमच्या सारख्या संस्थेचा ठेका हाय तिथं पयले विचारा. कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता बसलं का भांडण होते. अभयारण्यातल्या पाण्यात तं बिलकुल नाही, नवेगाव-नागझिऱ्यात गरी दिसली तं रॉडबी जाईन अन् तुम्हीबी.

प्राणिशास्त्र, गोंदिया

माशाबद्दल थोडं. बार्बेल हे नाव लॅटिनमधल्या दाढीच्या शब्दावरून आलं आहे. तोंड खालच्या बाजूला, ओठाजवळ चार मिशा, तळाला चरणारा मासा. महसीरालाही चारच मिशा, आणि बार्बेल, महसीर, रोहू, मृगळ हे सगळे एकाच कुळातले. त्यामुळे तुमचा बार्बेलचा रॉड त्याच्या नातेवाइकांकडेच आला आहे असं समजा. सेव्हर्नमध्ये बार्बेल मुळात नव्हता, 1956 साली केनेट नदीतून आणून सोडला, आणि आता तीच नदी त्याच्यासाठी ओळखली जाते. तिकडे 15 मार्च ते 15 जून नद्यांवर गळ टाकायला बंदी असते.

दख्खनच्या महसीराचं पहिलं वर्णन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्याच्या पुलावरून ते पाणी बघितलं की खरं वाटत नाही.

तुमचा मासा ओळखायचा तर खवले आठवा. मोठे, रुपयाच्या नाण्याहून मोठे असतील तर महसीर शक्य आहे. अंग गुळगुळीत, खवले नाहीत, मिशा लांबलचक आणि आठ, तर शिंगाडा. त्याचा या कुळाशी संबंध नाही. पिवळं पोट तेवढं पुरावा म्हणून पुरणार नाही.

धानवाला लाखांदूर

खवले होते, एवढं नक्की. किती मोठे ते सांगू शकत नाही. त्या वेळी मी खवले बघत नव्हतो, माझा पाय घसरत होता.

सगळ्यांचे आभार. काकाजी, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. दुकानाच्या फळीला रॉडचं बुड शिकंजानं आवळलं, शेंड्याला बाटली बांधली. युरिया घ्यायला आलेले चार लोक बघत उभे. साडेसातशे मिलिलिटरवर शेंडा सरळ खाली. रॉड जुना आहे, थोडा सैल झाला असेल. मग स्प्रिंगकाट्यावर ड्रॅग लावला. आधी मी जो ठेवला होता तो मोजला, काटा सहा किलोवर गेला तरी रीळ हललं नाही. काय म्हणता!

पेळू फिरवला. वरून तिसऱ्या कडीत तंतू अडकला. भिंग लावून बघितलं तर आतल्या पांढऱ्या गोलाला केसाएवढी चीर. म्हणजे पहिल्या दिवशी ती दोरी दगडानं गेली की या कडीनं, आता देव जाणे.

दहा पौंडाची तंगूस टाकून, साधा शेंडा लावून परवा पुन्हा गेलो. ढेपेचा चारा आधी धारेत दोन-तीनदा टाकला, मग गरी. डबा घरी ठेवून गेलो होतो, मुद्दाम. दोरी बोटात धरली. पोट्ट्या, तू म्हणतोस ते खरं आहे, सांगता येत नाही. रेतीची खरखर, खरखर, मग एकदम काहीतरी जिवंत. रॉड पार मुठीपर्यंत वाकला आणि मला भीती वाटली की आता पुन्हा तेच. पण रीळ दोरी सोडत होतं, मी मागं सरत होतो. रोहू निघाला, दुकानातल्या काट्यावर सव्वादोन किलो. आईनं तो सोडू दिला नाही.

एकच प्रश्न राहिला. तुटका क्विव्हर शेंडा फेकू की काही करता येईल?

निवृत्त लाइनमन

फेकू नका. तुटलेली जागा बारीक दाताच्या करवतीनं सरळ कापा, पॉलिश कागदानं कडा घासा. टोकाची कडी मिळते, आतलं माप शेंड्याच्या नव्या टोकाला बसेल अशी घ्या. चिकटवायला गरम करून वितळणारी गमची कांडी वापरा, दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट नको. ते पक्कं बसतं, पण पुढच्या वेळी कडी बदलायची झाली तर निघत नाही. चार बोटं गेली म्हणजे काडी थोडी टणक होईल. पावसाळ्यानंतरच्या जोराच्या धारेला ती उलट बरी पडेल, बारीक शेंडा अशा पाण्यात नुसताच थरथरत राहतो.

चीर गेलेली कडी मात्र आधी बदला. आणि परवा तारेखालून जाताना रॉड खोलला होता की नाही ते सांगा. परवाच्या तुमच्या वर्णनात ते आलं नाही.

धानवाला लाखांदूर

नव्हता खोलला काकाजी. आज दुपारी बांधावर जाऊन तारा बघून आलो. एका ठिकाणी माझ्या विळ्याच्या लांब बांबूला लागतील इतक्या खाली आहेत.

निवृत्त लाइनमन

बांबू लावून बघितला तर नाही ना? जागा आणि खांबाचा नंबर लिहून सेक्शन ऑफिसला द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा, पोच घ्या. तोपर्यंत पलीकडच्या बाजूनं नदीवर जात जा.